वल्ह्याला कान

ऐकण्याचं यंत्र मामाने मोज्यात गुंडाळून
तंबाखूच्या डबीत ठेवलंय.
मीच आणलं होतं शहरातून, दोन खेपा घालून,
खिडकीतल्या बाईशी हुज्जत घालून.
"ते घातलं की वारा ट्रकसारखा अंगावर येतो," म्हणतो,
"आणि माणसं नको तितकी बोलतात."

तिसरी संध्याकाळ.
होडी उंच गवतात शिरवून आम्ही गप्प.
मी पुढे, मांडीवर बंदूक.
मॅलॅकाय मामा मागे, गुडघ्यावर भूर्जाच्या सालीचा कर्णा.
लार्च पिवळे पडलेत, त्यांची एकेक सुई
पाण्यावर पडते तीही मला ऐकू येते.
त्याला नाही.

तो कर्णा तोंडाला लावतो
आणि नाकातून, पोटातून, कुठल्याशा जुन्या ओलीतून
मूसच्या मादीची हाक काढतो:
लांब, रडवेली, शेवटी जराशी चिडलेली,
हॅरिएट मामी जेवायला बोलावते अगदी तशी.
हे मी तिला कधीच सांगणार नाही.
मग वल्हं भरून पाणी उचलतो, वरून सोडतो,
एकदम नाही, थांबत थांबत,
मादी उथळात उभ्याने मुतते तसं.
लाज कसली त्यात,
शिकार म्हणजे निम्मी नक्कलच.

उत्तर आलं का, हे तो माझ्या पाठीला विचारतो.
दोन दिवस माझी पाठ नाही म्हणतेय.
आजही मी मान हलवली.
समोर सरोवर, घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखं,
रिकामं.

तेव्हा त्याने वल्ह्याचं पातं पाण्यात उभं सोडलं,
मूठ जबड्याच्या हाडाला टेकवली
आणि डोळे मिटले.
मला वाटलं, दाढ दुखतेय.

एक बोट वर. खाली.
पुन्हा वर. खाली.
पावलं मोजत होता.
पलीकडच्या खाडीत कुणीतरी पाण्यात उतरलं होतं
आणि माझे दोन धडधाकट कान
अजून लार्चच्या सुयाच वेचत होते.

किती वेळाने मग तो घशातला ओला हुंकार,
मोडलेली डहाळी,
आणि वाळुंजाची झुडपं दुभंगून तो.
शिंगांत अडकलेलं शेवाळ. एका डोळ्याखाली चिखल.
कान दोन्ही आमच्याकडे, पण वेगवेगळे फिरणारे,
जणू एकाचा विश्वास बसलाय, दुसऱ्याचा नाही.

पाठीवर मामाचा पंजा टेकला. थांब.
काठावर चढू दे,
पाण्यात पडला तर रात्रभर कंबर मोडून घेशील.
पंजा जड होता, उबदार होता,
आणि मग तो नव्हता.

गोळी त्यालाही ऐकू आली,
किंवा होडीला आली आणि होडीने त्याला सांगितली.

पुढचं सगळं काम.
सुरी तीनदा परजली. हात कोपरापर्यंत गरम, पाय गोठलेले.
गळ्याखालची लोंबती झालर मामाने कापली,
स्प्रूसच्या फांदीला बांधली,
दोन शब्द बोलला त्याच्याशी.
त्याला वाटलं, आपण पुटपुटतोय.
साऱ्या खोऱ्याने ऐकलं.

परतताना होडीचा काठ पाण्यावर जेमतेम चार बोटं.
मांसाच्या ढिगामागून मला त्याची टोपीच दिसत होती.
श्वाससुद्धा मी मधोमध घेत होते.

तंबूतल्या रेडिओवर मामी.
आमच्यात कुणी 'मारला' म्हणत नाही.
मामा ओरडला, "पाहुणा आलाय!"
खरखर. खरखर.
मग ती, "नाक शाबूत आहे ना?"
"आहे गं," मी म्हणाले,
कारण तो तोवर उठून गेला होता.

चरबीचा तुकडा निखाऱ्यांवर टाकायच्या आधी
त्याने डबी उघडली,
मोजा उलगडला,
यंत्र फुंकून कानात बसवलं,
आणि विस्तवाकडे वाकला.
चर्रर्र.
"हं," म्हणाला.
पुन्हा एकदा, "हं."

मग काढून ठेवलं,
मी बोलायला लागायच्या आत.